खुलासा: व्हिममध्ये बाणाच्या कळा वापरणं चूक नाही

‘बोटं हलवावी लागू नयेत म्हणून कर्सर हलवायला एच-जे-के-एल या कळा निवडल्या; बाणाच्या कळा बंद करा, वेग आपोआप येईल’ असा एक सल्ला व्हिम हा टेक्स्ट एडिटर (मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्रॅम) शिकणाऱ्यांमध्ये सध्या फिरतोय. तो बराचसा चुकीचा आहे.

बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कलीत व्ही-आय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तो एडीएम-३ए या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला जोडलेल्या कीबोर्ड-पडद्याच्या यंत्रावर. त्याला बाणाच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते. टायपिंग थांबवून हुकूम देण्याच्या अवस्थेत आणणारी एस्केप कळही आजच्या टॅबच्या जागी होती, म्हणून ती इतकी सर्रास वापरली गेली. आज ती लांब वाटत असेल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस दाबा, काम तेच होतं.

आणि वेगाचं म्हणाल, तर जे वीस वेळा दाबणं हे खालचा बाण वीस वेळा दाबण्याइतकंच संथ आहे. खरा फरक पडतो तो मजकुराच्या भाषेत हुकूम देण्याने. दुहेरी अवतरणातला मजकूर बदलायचाय? हुकूम देण्याच्या अवस्थेत कर्सर आत ठेवून सी, आय आणि दुहेरी अवतरणचिन्ह दाबा: आतलं सगळं पुसलं जातं, लगेच नवं टाइप करा, एस्केप. मग दुसऱ्या अवतरणात जाऊन नुसता टिंब दाबा, तोच बदल तिथेही होतो. दूरच्या शब्दाकडे जायला तिरकी रेघ दाबून शब्द लिहा, एंटर. पुढच्या जागी न्यायला एन.

नवशिक्यांनी बाण खुशाल वापरावेत. आधी हे टिंब हातात बसवा.