सिगारेट सोडल्यावर वाढलेला खोकला

सिगारेट सोडली की वीस मिनिटांत अमुक आणि चोवीस तासांत तमुक, असे सांगणारे तक्ते व्हॉट्सॲपवर नेहमी फिरत असतात. त्यांतली माहिती बहुतांशी खरी आहे. नाडीचे ठोके खरोखरच काही मिनिटांत उतरू लागतात, आणि रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसलेला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. माझी तक्रार एवढीच, की असे तक्ते वाचून माणूस उद्यापासून बरे वाटेल म्हणून वाट पाहतो, आणि अनेकांना सुरुवातीचे काही आठवडे नेमका उलटा अनुभव येतो.

अठरा वर्षे दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढून मी सोडली, तेव्हा दहाव्या दिवसापासून मला पूर्वी कधी नव्हता इतका खोकला सुरू झाला. सकाळी बेसिनपाशी राखाडी झाक असलेला कफ पडे. ऑफिसातल्या एका मित्राने निदानही करून टाकले, ‘तुला सोडणे मानवले नाही.’ प्रत्यक्षात श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसांसारखे जे सूक्ष्म तंतू असतात आणि सतत हलत राहून कफ व धूळ वर ढकलत असतात, ते धुराने लुळे पडलेले असतात. धूर थांबल्यावर ते पुन्हा कामाला लागतात आणि साठलेला गाळ बाहेर काढू लागतात. अर्थात, खोकला लांबला किंवा कफात रक्त दिसले, तर हा खुलासा पुरेसा मानू नये, डॉक्टरांकडेच जावे.

झोपेचे कोडे मला फार उशिरा उलगडले. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा वेगाने करते. धूर बंद झाला की काही दिवसांतच हा वेग मंदावतो आणि तेवढाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतो. मी टपरीवरची सिगारेट सोडली होती, टपरीवरचा चहा मात्र दिवसाला सहा कप चालूच होता. छातीतली धडधड आणि रात्रीची तळमळ मी तलफेच्या खाती मांडत होतो; चहा निम्म्यावर आणला आणि आठवड्याभरात झोप लागू लागली. सोडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ‘सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही खोटी नाही, परंतु काही आठवड्यांत आतड्यांना सवय होते.

पुढचा हिशेब वर्षांचा आहे. सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्याला मात्र निम्म्यावर यायला दहाएक वर्षे लागतात. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाचा 1951 पासून पन्नास वर्षे मागोवा घेणाऱ्या रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी, तर साठीत सोडणाऱ्यांचेही सुमारे तीन वर्षांनी वाढलेले दिसले.

सर्वच भरून येते, असे मात्र नाही. फुफ्फुसातले फाटलेले वायुकोश पुन्हा तयार होत नाहीत. सोडल्यानंतर पुढची झीज तेवढी मंदावते. माझ्या सासऱ्यांनी त्रेसष्टाव्या वर्षी विडी सोडली. ते आजही घराचा जिना चढताना पहिल्या वळणावर धाप लागून थांबतात, पण गेली दोन वर्षे त्याच वळणावर थांबतात, त्याच्या अलीकडे नाही.