मार्खाच्या खोऱ्यात ‘स्वावलंबी’ ट्रेकरचा भार कोण उचलतं?

उन्हाळा जवळ आला की ट्रेकर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून लडाखच्या मार्खा खोऱ्याबद्दल एक दावा फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: खरा जबाबदार ट्रेकर पूर्ण स्वावलंबी असतो. तंबू, शिधा, स्टोव्ह सगळं पाठीवर घ्यायचं. मोकळी जागा दिसेल तिथे मुक्काम करायचा. होमस्टेमुळे गावाची संस्कृती बिघडते, म्हणून गावात राहायचं नाही. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना गाईडची गरज नसते. ओला कचरा पुरला की कुजून जातो. आणि गावकऱ्यांसाठी काही करावंसं वाटलंच, तर मुलांना पेन आणि चॉकलेटं वाटावीत.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. कोणाला त्रास न देता डोंगरातून जावं, ही इच्छा चांगलीच आहे आणि आपल्याकडच्या ट्रेकिंगमध्ये ती मुरलेली आहे. पण हे सगळे मुद्दे एका गैरसमजावर उभे आहेत: हे खोरं रिकामं आहे आणि आपण तिथून कोणाला न शिवता जाऊ शकतो.

आधी ती ‘मोकळी जागा’. मार्खा नदी चिलिंग गावाजवळ झंस्कार नदीला मिळते. तिथून वर जाताना स्किउ, मार्खा, उमलुंग, हांकर अशी गावं लागतात, त्यानंतर सुमारे 4,800 मीटरवरचं निमालिंगचं कुरण, आणि मग 5,200 मीटरच्या आसपासची कोंगमारू ला ही खिंड. हा सगळा भाग 1981 साली जाहीर झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. गावं उद्यानाच्या आत आहेत, आणि उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

लेहमध्ये वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे या खोऱ्यात जे काही हिरवं दिसतं, ते बहुतेक माणसाने पाणी वळवून वाढवलेलं असतं. बर्फ वितळून आलेलं पाणी पाटांनी शेतात येतं. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि त्यावर देखरेख करायला लडाखी गावांमध्ये छुरपोन नेमण्याची जुनी रीत आहे. नदीकाठचा जो मऊ हिरवा तुकडा पाहून तंबू टाकायचा मोह होतो, तो बरेचदा लसूणघासाचा किंवा राखून ठेवलेल्या गवताचा असतो. ते कापून, वाळवून घरांच्या धाब्यांवर रचतात. हिवाळ्यात बर्फ पडलं की जनावरं त्यावरच जगतात. त्यावर दोन रात्री चार तंबू पडले तर तेवढा चारा गेला. निमालिंगही मोकळं माळरान नाही. खालच्या गावांतली कुटुंबं उन्हाळ्यात याक, शेळ्या-मेंढ्या घेऊन तिथे मुक्कामाला येतात. दगडांचे ते बुटके निवारे म्हणजे त्यांची उन्हाळी घरं आहेत, त्यांना ‘अवशेष’ समजून त्यांच्या आडोशाला शौचाला बसणारे लोक आहेत, हे लिहितानाही वाईट वाटतं.

जळणाचंही तसंच. किल्ल्यावरच्या गुहेत काटक्या गोळा करून चूल पेटवायची आपली सवय इथे चालत नाही. विलो आणि पॉपलर ही लावून, पाणी घालून वाढवलेली झाडं आहेत. वाळलेलं शेण हिवाळ्याची बेगमी आहे. डोंगरउतारावरची खुरटी झुडपं एकदा उपटली की परत यायला वर्षानुवर्षं लागतात.

डोंगर कोणाच्या मालकीचा नाही, असं म्हणणाऱ्यांनी स्तोक कांगरीचं काय झालं ते आठवावं. 6,153 मीटरचं हे शिखर लेहहून दिसतं आणि ‘सोपं’ म्हणून गाजलं होतं. मोसमात एवढी गर्दी व्हायला लागली की स्तोक गावाला पाणी देणारा ओढाच घाण होऊ लागला. शेवटी गावकऱ्यांनी पुढाकार घेतला, लेहच्या पर्यटन व्यावसायिकांनी साथ दिली, आणि 2020 पासून चढाई बंद झाली. त्या गर्दीत स्वतःला स्वावलंबी म्हणवणारेही होतेच. स्वतःचा तंबू आणला म्हणून पाणी स्वतःचं होत नाही.

आता दाव्यातला सगळ्यात जोरात मांडला जाणारा मुद्दा: होमस्टेमुळे संस्कृती बिघडते. यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण या खोऱ्यात गोष्ट बरोबर उलटी घडली आहे.

हेमिस हा हिमबिबट्यांचा प्रदेश आहे. लडाखीत त्याला शान म्हणतात. हिमबिबट्या रात्री मेंढ्यांच्या कोंडवाड्यात शिरला तर एक जनावर उचलून निघून जातो असं नाही. बंद जागेत घाबरून धावणारा कळप दिसला की एकामागून एक मारत सुटतो. सकाळी उठून पाहावं तर एका घराची वर्षानुवर्षांची पुंजी मरून पडलेली. अशा घराने त्या प्राण्याचा जीव घ्यायचं ठरवलं तर शहरात बसून त्याला दोष देणं सोपं आहे. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने, रिंचेन वांगचुक यांच्या पुढाकाराने, या गावांसोबत दोन कामं एकत्र केली. एक, कोंडवाड्यांना जाळीचं छत आणि घट्ट दारं. दोन, घरातली एखादी खोली पाहुण्यांसाठी तयार करून होमस्टे. उद्यानातल्याच रुंबक गावापासून सुरू झालेली ही पद्धत मार्खातही रुजली. ज्या प्राण्याने मेंढ्या मारल्या, त्याच प्राण्याच्या प्रदेशात फिरायला आलेल्या माणसामुळे घरात पैसा यायला लागला. हिमबिबट्या जिवंत राहण्यात घराचा फायदा दिसू लागला.

आणि हा पैसा मुख्यतः बायकांच्या हातात येतो. मुलं शिकायला लेहला, तरुण सैन्यात किंवा लेहच्या हॉटेलांत आणि टॅक्सीवर. मागे राहतात त्या आया, आज्या आणि म्हातारे. होमस्टे चालवतात त्या या बायका. वाटेवरच्या पॅराशूटच्या कापडाच्या तंबूत चहा आणि मॅगी विकणाऱ्याही अनेकदा त्याच. गावात पाहुणे घरटी पाळीने वाटून देण्याची पद्धत आहे, म्हणजे रस्त्यालगतच्या एकाच घराची चांदी होऊ नये. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर ‘ते पुढचं घर जास्त छान दिसतंय’ असा हट्ट धरू नये. आज ज्यांची पाळी आहे त्यांच्याकडे जावं, आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. त्या दरात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि वाटेत खायला बांधून दिलेला डबाही येतो, तोही सुमारे 4,000 मीटरवर, जिथे तांदूळ आणि गॅसची टाकी बाहेरून आणावी लागते. गाडीरस्ता आता खोऱ्यात शिरला आहे, तरी सगळ्या दारांपर्यंत पोचलेला नाही.

पाहुणा आल्याने घर बदलतं, हे खरंच आहे. पण मी पैजेवर सांगते, ज्या घरात चूल पेटत राहते आणि जव पेरले जातात, तिथली संस्कृती कुलूप लागलेल्या घरापेक्षा नक्कीच शाबूत असते. बिघडवणारी गोष्ट आपलं तिथे असणं नव्हे, आपलं वागणं. लडाखी स्वयंपाकघरात चुलीला मान आहे. तिच्यात कचरा, टिश्यू पेपर, वेष्टणं जाळायची नाहीत, भांड्यांवरून आणि ताटांवरून ओलांडून जायचं नाही. चुलीजवळच्या जागा मानाच्या, ज्येष्ठांसाठी, म्हणून कुठे बसायचं ते विचारावं. वाटेतल्या मणी भिंती (प्रार्थना कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि छोर्तेन (बौद्ध स्तूप) उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, देवळात प्रदक्षिणा घालताना जसं चालतो तसंच. मणी भिंतीवरचा कोरलेला दगड उचलून घरी आणणं ही सरळ चोरी आहे. कोणीतरी प्रार्थना म्हणून तो तिथे ठेवलेला असतो. मार्खा गावाजवळच्या कड्यावर तेछा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ आहे. तिथे फोटो काढण्याआधी विचारावं, आणि ‘नाही’ आलं तर कॅमेरा आत ठेवावा.

दाव्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मान्य करायलाच हवी. मोठे व्यावसायिक गट, तीस-चाळीस घोडे, जेवणाचा तंबू, टॉयलेटचा तंबू असा लवाजमा निमालिंगला उतरतो तेव्हा त्या घोड्यांना चारा तिथलाच लागतो, गावच्या जनावरांच्या तोंडचा. पण यावरचा उपाय लहान गट आणि गावातला मुक्काम हा आहे. सगळ्यांनी स्वतंत्र तंबू टाकले तर भार तेवढाच राहतो, फरक एवढाच की गावाला पैसे मिळत नाहीत.

गाईड नको, या मुद्द्यावर मला राग येतो, कारण इथे जीव जातो. कळसूबाई 1,646 मीटर. लेह सुमारे 3,500 मीटर. म्हणजे पुण्या-मुंबईहून विमानाने निघून लेहला उतरलात तर सह्याद्रीच्या सर्वोच्च शिखराच्या दुपटीपेक्षा जास्त उंचीवर काही तासांत पोचता. तिथे श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि कोंगमारू लावर निम्म्याच्या थोडा वर. तंदुरुस्तीने यापासून संरक्षण मिळत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि जास्त लवकर अडकतो. 3,000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. विमानाने आल्यास लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती.

आता हा नियम मार्खाच्या वाटेला लावून पाहा. हांकर ते निमालिंग एका दिवसात गेलं तर साधारण 800 मीटर चढ होतो. जाणता स्थानिक माणूस तुम्हाला मध्ये थाचुंग्त्से या मुक्कामाच्या जागी थांबवतो, ‘अजून ऊन आहे, जाऊ की पुढे’ असं तुम्ही म्हटलंत तरी. निमालिंगला रात्री त्रास सुरू झाला तर पुढे जाणं म्हणजे आणखी 400 मीटर वर चढून खिंड ओलांडणं, आणि खाली उतरायचं तर आल्या वाटेने मागे. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, सरळ रेषेत पाऊल टाकता येत नाही, बोलण्यात गोंधळ होतो, अशी लक्षणं दिसली की सकाळची वाट पाहायची नसते, ताबडतोब उतरवायचं असतं. अंधारात ती वाट कोणाला ठाऊक असते? घोडा कोणाकडे असतो? खोऱ्याच्या वरच्या भागात मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहता येत नाही, आणि उपग्रह फोन किंवा उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रं परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. म्हणजे तुमच्या ‘स्वावलंबी’ गटातला एक जण कोसळला की त्याला उचलायला हांकरची माणसंच येणार, शेतातलं काम टाकून. त्यांना आधी ठरवून मजुरी द्यायची, की संकटात फुकट राबवायचं, एवढाच प्रश्न आहे.

नद्यांचं गणितही वेगळं आहे. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो. इथे कोरड्या, स्वच्छ दिवशीही दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. सकाळी गुडघाभर असलेली धार संध्याकाळी ओलांडता येत नाही. आणि पाऊस अजिबात होत नाही असंही नाही: 5 आणि 6 ऑगस्ट 2010 च्या मधल्या रात्री लेह परिसरात ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू टाकू नका, असं गाईड सांगतो ते उगीच नव्हे.

कचऱ्याबद्दल. कोकणात केळीचं साल पावसाळ्यात पंधरा दिवसांत मातीत जातं. निमालिंगला ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठतं, हवा कोरडी आणि जमीन दगडगोट्यांची. तिथे कुजण्याचं काम अतिशय सावकाश होतं. संत्र्याची सालं आणि टिश्यू पेपर पुढच्या मोसमातल्या लोकांना भेटतात. उरलेलं अन्न पुरलं तर कुत्री उकरतात. लडाखमध्ये पर्यटकांच्या उष्ट्यावर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आता रानातल्या प्राण्यांवर आणि मेंढ्यांवर हल्ले करतात. म्हणून ओला असो की सुका, कचरा लेहला परत आणायचा. लेहच्या बायकांच्या संघटनेने 1998 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणायला लावली होती. त्या गावात आपण बिसलेरीच्या बाटल्यांचा ढीग करावा, हे लाजिरवाणं आहे. होमस्टेत उकळलेलं पाणी मिळतं, बाटली भरून घ्यावी.

शौचासाठी गावातल्या घराचा कोरडा संडास वापरावा, ही माझी कळकळीची विनंती. वरच्या खोलीत जमिनीला भोक, खाली बंद कोठी, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. झालं की माती किंवा राख टाकायची, पाणी ओतायचं नाही. त्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. म्हणूनच त्यात सॅनिटरी पॅड, ओले टिश्यू, वेष्टणं टाकायची नाहीत: कोणीतरी ती हाताने वेचून काढणार असतं, किंवा ती जवाच्या शेतात पोचणार असतात. पॅडसाठी एक घट्ट बंद होणारी अपारदर्शक पिशवी सॅकमध्ये ठेवली की प्रश्न सुटतो.

राहता राहिली पेनं आणि चॉकलेटं. वाटू नका. दातांचा डॉक्टर लेहला आहे, आणि वाटेवर हात पसरून उभं राहायला मुलांना आपणच शिकवतो. औषधांच्या गोळ्याही देऊ नका. शाळेला काही द्यायचंच असेल तर शिक्षकांना आधी विचारा काय हवंय, आणि ते त्यांच्याच हाती द्या. मुलांशी बोलायचं असेल तर ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणा, नाव विचारा, आणि फोटो घ्यायचा असेल तर आधी त्यांच्या आईला विचारा.