पंधराव्या वर्षी गणिताची कुठलीही खिडकी बंद होत नाही

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'गणित रक्तात असावं लागतं. पंधराव्या वर्षानंतर मेंदूची गणिताची खिडकी बंद होते. सीईटीत गणितात मार खाल्ला असेल तर इंजिनिअरिंगच्या वाटेला जाऊ नका. गेलातच तर कम्प्युटर घ्या, त्यात गणित नसतं.' काल तो भाचीपर्यंत पोचला. "मावशी, ऑप्शन फॉर्म भरूच नको का मी?" डोळ्यांत पाणी. म्हणून लिहितेय.

आधी ती खिडकी. बार्बरा ओकली या अमेरिकन बाई शाळेत गणित-विज्ञानात नापास होत. सैन्यात गेल्या, रशियन शिकल्या. गणिताला पुन्हा हात घातला तो २६व्या वर्षी, तोही शाळेतल्या बीजगणितापासून. पुढे त्या मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या. आणि तुम्ही अठरा वर्षांच्या पोरीला सांगताय की तुझी वेळ तीन वर्षांपूर्वीच गेली?

'रक्तात' म्हणणाऱ्यांनी तिची वही बघावी. मी काल बघितली. इंटिग्रेशन बरोबर, लिमिट बरोबर घातल्यात, आणि शेवटच्या ओळीत √(९ + १६) = ३ + ४ = ७. चार गणितांत हीच चूक. बारावीचं तिला येतंय, नववीतली एक गोष्ट निसटलीय. मी तिला ३ आणि ४ बाजूंचा काटकोन त्रिकोण काढायला लावला आणि विचारलं, कर्ण ७ असेल तर तिन्ही रेषा एकावर एक झोपतील, त्रिकोण उरेल कुठे? ती थांबली, पट्टी घेऊन कर्ण मोजला, ५ आला. चारही गणितं तिनंच दुरुस्त केली.

पाया कच्चा ठेवून गेलं तर पहिल्या सेमिस्टरला दमछाक होते, हे मात्र खरं. मॅट्रिक्स, कॉम्प्लेक्स नंबर भराभर पुढे सरकतात आणि एम-वनची, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताची, केटी लागते: विषय राहतो, पेपर पुन्हा द्यावा लागतो. पण म्हणून आठवीपासून सगळं नव्यानं करायला नको. चूक होते तेवढीच प्रकरणं काढा. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. त्यात वेगाचा कस लागतो, तिथे मागे पडलं म्हणजे डोकं नाही असं होत नाही.

आणि कम्प्युटरमध्ये गणित नसतं? डिस्क्रीट मॅथ्स, प्रोबॅबिलिटी मग कुठे शिकवतात? या सल्ल्यावर विसंबून कुणी गेलं तर दुसऱ्या वर्षी तोंडावर आपटेल.

फॉर्म आज रात्री भरतोय. पहिली पसंती तिची, इलेक्ट्रिकल.