हुरडा, दाजी आणि देवगिरी

संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी साडेआठला, मेव्हण्याच्या शेतात आगटीशेजारी अंथरलेल्या पोत्यावर मी मांडी घातली. दुपारी मला डोंगर चढायचा आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पाचव्या कणसाला थांबलो असतो. निदान बाराव्याला तरी.

शेत दौलताबादच्या अलीकडे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गूळभेंडीची कोवळी कणसं खुपसायची, भाजल्याचा वास सुटला की ओढून काढायची आणि चटके खात तळव्यावर चोळायची. मेव्हण्याचे तळवे शेतकऱ्याचे, माझे कारकुनाचे. मी चोळलेल्या पहिल्या कणसातून सात दाणे आणि एक फोड निघाला. तेव्हा चोळायचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं, फक्त खायचं ठेवलं. तिथंच घात झाला. स्वतः चोळून खाणारा माणूस हात दुखले की थांबतो. जावयाला चोळून देणारे चौघं बसले की थांबायला निमित्तच उरत नाही. हुरड्यावर गूळ, गुळावर लसणाची चटणी, चटणीवर दही, आणि दह्यानं तोंड गार पडलं की पुन्हा गरम हुरडा.

"घ्या दाजी, हलका असतो." हे वाक्य मी आजवर वाढणाऱ्याच्याच तोंडून ऐकलंय, खाणाऱ्याच्या कधीच नाही.

"वरून पाणी पिऊ नका जावईबापू, ताक घ्या," सासूबाई म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला. ग्लास नव्हे, तांब्या.

साडेअकराला मी उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेला उठलो.

"चला, जिरवायला किल्ला करून येऊ," मेव्हणा म्हणाला.

"पायऱ्या किती आहेत?"

"असतील शंभरेक."

इथं माझ्याविषयी एक सांगायला हवं. ट्यूबलाइट बदलायला मी स्टुलावर चढलो की बायको खालून पाय धरते, आणि मुलगा खोलीबाहेर जातो. अशा माणसाला हे लोक देवगिरीवर नेत होते. नुसत्या टेकडीचीच उंची सुमारे २०० मीटर, आणि तिच्या कडा अशा तासलेल्या की मुंगीनंही विचार करावा.

चांद मिनारपर्यंत मी बरा होतो. तिथं मान वर केली आणि हुरडाही वर आला, म्हणून पुन्हा वर बघितलं नाही. चिनी महालापाशी पाच मिनिटं टेकलो. औरंगजेबानं गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा याला इथं कैदेत ठेवलं होतं. लोक हळहळतात. मला तर त्याचा हेवा वाटला. सावली होती, आणि वर चढ म्हणून कुणी त्याच्या मागं लागलं नव्हतं.

खंदकावरचा पूल मी डोळे मिटून पार केला, भाच्याच्या शर्टाची कॉलर धरून. मग अंधारी. डोंगराच्या पोटातलं ते भुयार, वटवाघळांचा वास, आणि एकीसारखी दुसरी नसलेल्या पायऱ्या. पुढं टेंभा घेतलेला गाइड होता आणि त्याला आपलं काम मनापासून आवडत होतं. "शत्रू इकडं वळायचा, उजेड दिसायचा, पाय टाकायचा, की थेट खंदकात!" मी दोन्ही हातांनी भिंत धरली. "आणि वरच्या तोंडाला लोखंडी झाकण. त्यावर विस्तव पेटवला की सगळा धूर आत. शत्रू जागच्या जागी भाजून निघायचा."

सकाळच्या कणसांबद्दल मला पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

शंभर पायऱ्या अंधारीतच संपल्या होत्या. या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी. त्यांच्याकडे हिशेब लिहिताना एका पैची चूक सापडेना, म्हणून एकनाथांनी रात्र जागवली म्हणतात. इथं शेकड्यांनी चूक होती आणि मेव्हणा शीळ घालत होता. "कामून थांबले दाजी?" तो दर वळणावर विचारायचा. थांबायची कारणं मला पाठ झाली होती: बुटाची नाडी, फोटो, इतिहास.

बारादरीत पोचलो तेव्हा पाठ भिंतीला लावून बसलो आणि खालची शेतं बोटांच्या फटीतून बघितली. सुंदर असावीत. तेवढ्यात एक भलतीच गोष्ट लक्षात आली. मला भूक लागली होती. सकाळी तीन माणसांचं खाल्लेला मी, आता मला कडकडून भूक लागली होती.

"पिशवी काढ," मी भाच्याला म्हणालो. सासूबाईंनी निघताना एक पिशवी दिली होती, "वर बसून खा" म्हणून. धपाटी आणि दही. भाच्यानं ती अख्खा डोंगर खांद्यावरून आणली होती. त्यानं पहिला डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी. दुसरा, जवसाची. तिसरा, कारळाची. चौथ्यात लसूण-खोबऱ्याची. ही पिशवी आम्हाला पुण्याला न्यायची होती. धपाट्यांची पिशवी गाडीत, मागच्या सीटवर होती.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामदेवरायाच्या लोकांनी धान्याची म्हणून जी पोती घाईघाईनं गडावर चढवली, ती मिठाची निघाली असं सांगतात. शाळेत हे वाचताना मी हसलो होतो.

"आपण बरे दाजी," मेव्हणा म्हणाला. "त्याच्याकडं नुसतं मीठ होतं. आपल्याकडं तिखटही आहे."

बोटानं जवसाची चटणी खाल्ली. मग पाण्याची आठवण झाली. पाणीही गाडीतच होतं.

उतरताना मला पूल दिसला नाही, खंदक दिसला नाही, वटवाघळांचा वास आला नाही. मागच्या सीटवरची एक पिशवी तेवढी दिसत होती. मेव्हणा म्हणतो, दाजींनी कुणालाही न धरता पूल ओलांडला. असेल.

पायथ्याला आलो तर गाडीची चावी सापडेना. मेव्हणा खिसे चाचपत होता, बाकीचे पेरूच्या हातगाडीभोवती जमले. मी अर्धा किलो घेतले. पेरूवाल्यानं पहिला पेरू चार फोडींत चिरला, बोटं डब्यात घातली आणि विचारलं, "तिखट-मीठ लावू का साहेब?"

"नको," मी म्हणालो. "आमच्याकडं आहे."