खुलासा: घरच्या संगीत सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड लागत नाही

‘फ्लॅक गाणी घरातून स्ट्रीम करायची तर ग्राफिक्स कार्डाचा दणकट संगणक हवा’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (फ्लॅक म्हणजे दर्जा न घटवता साठवलेली गाण्याची फाइल.) ग्राफिक्स कार्डाची मदत होते ती व्हिडिओच्या रूपांतराला, म्हणजे तो एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलायला. गाण्याची फाइल सर्व्हर (गाणी साठवून इतर उपकरणांना पुरवणारा घरचा संगणक) बहुधा आहे तशी पुढे पाठवतो, आणि रूपांतर करावे लागले तरी ते साधा प्रोसेसरच करतो. फक्त संगीतच ऐकायचे असेल तर नॅव्हिड्रोम हे संगीत सर्व्हरचे सॉफ्टवेअर घ्या. १ जीबी रॅमच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरही ते नीट चालते. चित्रपटही हवे असतील तरच जेलीफिन हे व्हिडिओही चालवणारे सॉफ्टवेअर.

रूपांतराचा उपयोग बाहेर, मोबाइल डेटावर. ९०० केबीपीएसचे पाच मिनिटांचे फ्लॅक सुमारे ३४ एमबी खाते, १२८ केबीपीएसच्या ओपस या आटोपशीर फॉरमॅटमध्ये तेच ५ एमबीच्या आत बसते.

खरा घोळ टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या गायक, अल्बम अशा माहितीचा. नॅव्हिड्रोम अल्बम जुळवते ते टॅग वाचून. फोल्डरची नावे कितीही बदला, फरक पडत नाही. नाट्यगीतांच्या संग्रहात बारा गायक असतील आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ रिकामा असेल, तर एका अल्बमचे बारा तुकडे होतात. पिकार्ड किंवा एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गाण्यांना तो टॅग एकसारखा भरा आणि पुन्हा स्कॅन करा. नाव देवनागरीत की रोमनमध्ये, हेही एकदाच ठरवा. नाहीतर भीमसेन जोशी यादीत दोनदा दिसतील (आणि निम्मी गाणी नेमकी दुसरीकडे).