"मारायलाच तर ठेवलाय त्याला"

आज लेकाच्या लिटिल लीगच्या मॅचला एक गृहस्थ भारतातून आलेल्या सासऱ्यांना बेसबॉल समजावत बसले होते. इथवर ठीक. मग फ्रेडी फ्रीमनचा विषय निघाला. हा लॉस एंजलिस डॉजर्सचा फर्स्ट बेसमन, म्हणजे बॅटर मारून आधी ज्या बेसकडे धावतो तिथे उभा राहणारा. साहेब म्हणाले, "त्याचं काय एवढं? फर्स्ट बेसवर उभं राहायचं, आलेला बॉल पकडायचा. मारायलाच तर ठेवलाय त्याला!" सासरेबुवांनी मान डोलावली. सामोसे त्यांच्याच घरचे होते आणि माझा एक खाऊन झाला होता, म्हणून गप्प बसले. आता घरी आलेय.

फर्स्टवाला फक्त बॅटिंगपुरता, हे म्हणणं माझ्या डोक्यात जातं त्याला कारण आहे. आमच्या ऑफिसची सॉफ्टबॉल टीम होती. कॅप्टनने मला फर्स्टवर उभं केलं, का तर "तिथे फक्त कॅच घ्यायचे असतात." फक्त! एक पाय बेसला चिकटवून ठेवायचा, दुसरा जमेल तेवढा पुढे ताणायचा, पायाशी टप्पा पडलेला थ्रो उचलायचा, आणि धावणारा दणादण आपल्याच दिशेने येतोय. नडगीवर असा काही काळानिळा डाग उठला होता की विचारू नका. ते असो. माझी बॅटिंग आली, मी एक उंच उडवला, पिचरनेच झेलला. परत येतेय तर कॅप्टन म्हणतो, "मारता येत नाही तर फर्स्टवर कशाला उभी राहिलीस?" अरे, तूच उभं केलंस ना! आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, त्या दिवशी एकदाही बेसवर पोचला नव्हता. त्याला कोणी चकार शब्द बोललं नाही.

हा सगळा न्याय असाच आहे. फर्स्टवाल्याने मारलं तर त्यात काय विशेष, नाही मारलं तर घरी जा. घरातल्या कमावत्या मुलासारखं. पगार आणला तर कोणी मान वर करून बघत नाही.

न्यूयॉर्क यांकीजच्या फर्स्ट बेसमन लू गेरिगचंच घ्या. ३ जून १९३२, फिलाडेल्फिया. एका मॅचमध्ये चार होम रन, म्हणजे चार वेळा बॉल थेट मैदानाबाहेर! आधुनिक काळात तोवर कोणालाही जमलं नव्हतं. आणि नेमका त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ राजीनामा देतो. मथळे मॅग्रॉला. बिचाऱ्या गेरिगची अर्धी कारकीर्द टीममधल्याच बेब रूथच्या सावलीत गेली. १९२७ साली ४७ होम रन मारले, तर शेजारी रूथने ६०. हाच माणूस सलग २,१३० मॅच खेळला.

आता म्हणाल, तो जुना काळ झाला. बरं, आजचं बघू. हल्ली खेळाडूची किंमत 'वॉर' नावाच्या आकड्यात मोजतात, म्हणजे त्याच्यामुळे टीमचे किती विजय वाढले याचा अंदाज. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या वेबसाइटच्या हिशोबात फर्स्ट बेसमनच्या खात्यातून पूर्ण सीझनला साडेबारा धावा आधीच वजा. शॉर्टस्टॉपला साडेसात वरून बक्षीस. म्हणजे बॅट हातात घ्यायच्या आधीच वीस धावांचा खड्डा! शॉर्टस्टॉपचं काम जास्त अवघड आहे, मान्य. हिशोबालाही काही अर्थ असेल. पण हे वाचलं की मला आमचा कॅप्टनच आठवतो, फक्त हातात कॅल्क्युलेटर घेतलेला.

आणि हो, कोणीतरी फर्स्ट बेसमन मार्क मॅग्वायरचं नाव काढणारच. १९९८ चे ७० होम रन, मग २०१० मध्ये स्टेरॉइड्सची कबुली. काढा नाव. एकाने खाल्लं म्हणून सगळ्या पंगतीला दोष देणार का?

फ्रीमनबद्दल लिहायला घेतलं की मात्र राग टिकत नाही माझा. त्या गृहस्थांना २५ ऑक्टोबर २०२४ आठवत नसेल का? वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या अंतिम मालिकेची, पहिली मॅच, डॉजर स्टेडियम, दहावी इनिंग, दोन आउट, डॉजर्स एका धावेने मागे. फ्रीमनचा घोटा महिनाभर आधी मुरगळलेला, धड धावता येत नाही. यांकीजनी मूकी बेट्सला मुद्दाम वॉक देऊन (न मारताच फर्स्ट बेसवर जाऊ देऊन) बेस भरले आणि याला समोर घेतलं. त्यांचा पिचर नेस्टर कोर्टेसचा पहिलाच बॉल, आणि गेला उजवीकडे प्रेक्षकांत! ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, एका फटक्यात चार धावा. ६-३, मॅच खलास. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा शेवट आधी कधीच झाला नव्हता. होम प्लेटवर उड्या मारून झाल्यावर तो धावला तो थेट मागच्या जाळीकडे, वडिलांकडे. लहानपणी बॅटिंगची प्रॅक्टिस देणारे तेच. आई तो दहा वर्षांचा असताना कॅन्सरने गेली. त्याच उन्हाळ्यात त्याचा छोटा मुलगा गियां-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराने हॉस्पिटलात होता. जाळीतून बापाचे हात धरलेला तो माणूस बघून मी सोफ्यावर ढसाढसा रडले, नवरा पाण्याचा ग्लास घेऊन उभा. पहिल्या चारही मॅचमध्ये होम रन मारले पठ्ठ्याने. एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला, हे कबूल करायला हवं. तेवढं तरी केलं लोकांनी.

आणि आणखी एक फर्स्ट बेसमन, अल्बर्ट पुहोल्स! १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेराव्या फेरीपर्यंत कोणाला नको होता, ४०१ नावं पुकारून झाल्यावर घेतला. तीन एमव्हीपी, ७०३ होम रन. एंजल्स टीमकडची वर्षं फिकी गेली, ठीक आहे. २०२१ मध्ये त्यांनी सोडूनही दिला. पुढच्या वर्षी आपल्या पहिल्या टीमकडे, सेंट लुईसला, परतून ४२ व्या वर्षी २४ होम रन ठोकले त्याने, ७०० वा इथे लॉस एंजलिसमध्ये. त्यालाही म्हणणार का, "मारायलाच तर ठेवलाय"?

अजून एक, मग जेवायला बसते. १९३४ साली गेरिगने ट्रिपल क्राउन मिळवला. सरासरी, होम रन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या धावा), तिन्हींत अमेरिकन लीगमध्ये पहिला. एमव्हीपीच्या मतदानात कितवा आला माहितीये? पाचवा. पुरस्कार डेट्रॉइटच्या मिकी कोक्रेनला. तो कॅचर होता, शिवाय त्याच्या टीमने लीग जिंकली होती, वगैरे वगैरे, मला सगळं पाठ आहे. तरी पाचवा? ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी याचं उत्तर द्या. आणि ते गृहस्थ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचत असतील तर सामोसे उत्तम होते.