'आजारी रोपं विकतात' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. जूनच्या सुरुवातीला नेलेली किनारी सूर्यफुलाची १२ रोपं ऑगस्टअखेर काळी पडून मेली, ती मुळातच आजारी होती आणि ८४ डॉलर वाया गेले, असं तुम्ही लिहिलंत. हौसेने लावलेला पट्टा उजाड झाला याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं. काउंटरवर 'याला काही करावं लागत नाही' एवढंच सांगून रोपं हातात दिली गेली, ती चूक आमची. माफ करा.

पण 'आजारी' हा शब्द लागला. छोट्या नर्सरीचं नाव अशा एका शब्दाने जातं. रोपं आजारी असती तर जूनमध्येच कोमेजली असती. तुम्हीच टाकलेल्या जुलैच्या फोटोत ती फुललेली आहेत, कळ्याही भरपूर आहेत. बिघडलं ते त्यानंतर.

त्याच फोटोत मागे लॉनचा स्प्रिंकलर दिसतो आणि वाळू काळपट ओली आहे. हे झाड इथल्या, फ्लोरिडातल्या पिनेलास काउंटीच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवरचं. खारा वारा, भाजणारी वाळू त्याला चालते. पाय ओले राहिलेले चालत नाहीत. नवीन रोपाला पहिला आठवडा रोज पाणी, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, आणि दोन महिन्यांनी बंद. लावणी पावसाळ्यात असेल तर त्याहूनही कमी. इथे जून ते सप्टेंबर दुपारचा पाऊस असतोच, त्यावर पहाटे स्प्रिंकलर चालला की मुळं गुदमरून कुजतात, खोड जमिनीलगत काळं पडतं आणि पानं माना टाकतात. मग आपल्याला वाटतं तहान लागली, आणि आपण आणखी पाणी घालतो. निरोगी रोपही भर दुपारी मलूल दिसतं, पण ऊन उतरलं की सावरतं. सकाळीसुद्धा मलूल असेल तर वाळूत दोन इंच बोट खुपसून बघा. ओल लागली तर पाणी द्यायचं नाही.

'लॉनचं खतसुद्धा घातलं' असं तुम्ही लिहिलंत. याला खत नकोच. खताने फांद्या लांब, लुसलुशीत होतात आणि आडव्या पडतात. शिवाय आपल्या काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर नत्र-स्फुरदाच्या खताला बंदीच आहे.

१२ फुटांच्या एका ओळीत अडीच फुटांवर ५ रोपं पुरतात. 'लगेच भरलेलं दिसायला हवं' असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही १२ दिली. तिथे आम्ही अडवायला हवं होतं. दाटीत हवा खेळत नाही, ओल टिकते.

पुण्यातल्या सोसायटीत हीच पिवळ्या फुलांची वेल वर्षानुवर्षं मरत नाही, हेही तुम्ही लिहिलंय. ती वेडेलिया. फ्लोरिडात ती उपद्रवी म्हणून नोंदलेली आहे, आम्ही ती ठेवत नाही. किनारी सूर्यफुलाचं एक झाड वर्ष-दोन वर्षंच जगतं; पट्टा टिकतो तो खाली पडलेल्या बियांतून. तुम्ही मात्र खाली तण रोखायचं काळं कापड आणि वर तीन इंच मल्च (आच्छादनाचा थर) अंथरलंय. बी उगवणार कुठे? कापड काढा, मल्च बाजूला सारा, वाळू उघडी ठेवा. वाळलेली फुलं अजून असतील तर तिथेच चुरडून टाका. नवीन झाडं फार पसरली, मधे उघडी पडली की एक तृतीयांश छाटा, पण पानं नसलेल्या जुन्या खोडापर्यंत कापू नका.

७ डॉलरला रोप महाग वाटलं असेल. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरची उपजात वेगळी आहे आणि दोन्हींचा संकर सहज होतो, म्हणून आम्ही इथल्या, पश्चिम किनाऱ्याच्याच बियांपासून रोपं करतो. भाव त्याचा आहे.

यापुढे कुंडीबरोबर पाण्याची छापील चिठ्ठी द्यायचा विचार आहे, बाकीही काही सुधारणा करू. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की या, ५ रोपं आमच्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. त्या पट्ट्यावर पडणारं स्प्रिंकलरचं तोंड तेवढं आधी बंद करा.